गर्भिणीचा योगाभ्यास

अंबड तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आम्हांस आले आहे. नावगाव प्रसिद्ध करू नये अशी त्यांची इच्छा असल्याने ते येथे देत नाही. परंतु त्यांचा प्रश्न थोड्याफार फरकाने पुष्कळ घरांतून आज विचारला जात असावा, म्हणून त्याचे उत्तर खाजगी पत्राने न देता या सदरातून देणे आम्हांस बरे वाटले.

पत्रातील हकीकत थोडक्यात अशी. त्यांची थोरली सून पाचव्या महिन्याची गरोदर आहे. लग्नापूर्वीपासून ती नियमाने आसने करीत आली असून आताही पहाटे उठून पाऊण तास खोलीत अभ्यास करते. तिचे आजेसासरे, म्हणजे पत्र लिहिणाऱ्या भगिनींचे मामंजी, जुने व्युत्पन्न गृहस्थ आहेत. त्यांनी सुश्रुताचा हवाला देऊन सांगितले की गर्भिणीस व्यायाम वर्ज्य आहे. याहून नाजूक गोष्ट पत्राच्या शेवटी, जणू जाता जाता, लिहिलेली आहे. गेल्या वर्षी याच सुनेचा तिसऱ्या महिन्यात गर्भपात झाला होता, आणि तो तिच्या आसनांनीच झाला असे त्या वेळी घरातील कोणीतरी बोलून गेले. तेव्हापासून सूनबाई खोलीचे दार लावून आसने करते. "शास्त्र काय सांगते ते स्पष्ट लिहावे, म्हणजे घरातील वाद मिटेल," असे या भगिनी लिहितात.

वाद मिटविण्याइतके सामर्थ्य आमच्या लेखणीत आहे असा आमचा समज नाही. आम्ही वैद्य नव्हे, डॉक्टरही नव्हे. मुलांना संस्कृत शिकविण्यात आमचे आयुष्य गेले. तेव्हा ज्यात आम्हांस काही गती आहे त्या ग्रंथांपासून आरंभ करतो, आणि जेथे गती नाही तेथे आजच्या वैद्यकाने तपासून पाहिलेले तेवढेच सांगतो.

मामंजींनी दिलेला हवाला खोटा नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात तिसऱ्या अध्यायात, गर्भ राहिल्यापासून स्त्रीने काय काय टाळावे याची यादी आहे आणि तीत व्यायाम हा शब्द स्पष्ट आलेला आहे. त्याच यादीत अतिभोजन, अतिकृशता, दिवसा झोपणे, रात्री जागणे, शोक, भय, वाहनात बसणे आणि उकिडवे बसणे हेही आहे. आमच्या घरांतून यातील व्यायामाचाच तेवढा निषेध लक्षात राहतो. रात्रीचे जागरण, शोक आणि भय यांचा राहत नाही. मंगळागौरीला पहाटेपर्यंत जागणारी गर्भिणी आम्ही पाहिली आहे. त्या वेळी सुश्रुताचे नाव कोणी काढले नव्हते.

परंतु व्यायाम म्हणजे काय, हे ज्याच्या ग्रंथात तो निषेध आहे त्यालाच विचारले पाहिजे. सुश्रुत चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात व्यायामाची व्याख्या देतो, ती अशी की ज्या कर्माने शरीरास आयास होतो ते व्यायाम. आयास म्हणजे दमणूक. तेथेच तो पुढे म्हणतो की निरोगी माणसानेही आपल्या अर्ध्या बलानेच व्यायाम करावा, आणि अर्धे बल खर्चले हे ओळखण्याची खूणही देतो : हृदयाच्या ठिकाणचा वायू तोंडाशी येऊ लागला, म्हणजे तोंडाने श्वास घ्यावा लागला, की थांबावे. आजचे डॉक्टर गर्भवतीस हीच कसोटी निराळ्या शब्दांत सांगतात. चालताना किंवा आसन करताना सहज बोलता आले पाहिजे. बोलताना धाप लागली तर ते श्रम अधिक झाले. दोन हजार वर्षांच्या अंतराने दोघांनीही श्वासावरच बोट ठेवावे याचे आम्हांस नवल वाटते.

आता चरक. शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात गर्भाचा घात करणाऱ्या गोष्टी सांगताना चरक नुसते 'व्यायाम' म्हणत नाही. तो त्या शब्दास दोन विशेषणे लावतो, 'दारुण' आणि 'अनुचित'. दारुण म्हणजे कठोर, हे कोणासही कळते. घोटाळा दुसऱ्या शब्दाचा आहे. मराठीत अनुचित म्हणजे गैर, अयोग्य. आणि तोच अर्थ धरला तर गर्भिणीने अयोग्य व्यायाम करू नये, एवढेच ते वाक्य सांगेल, म्हणजे काहीच सांगणार नाही. परंतु जुन्या संस्कृतात, आणि विशेषतः वैद्यकाच्या भाषेत, 'उचित' म्हणजे अंगवळणी पडलेले. चरकानेच सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात अशी आज्ञा केली आहे की जे उचित आहे पण अहितकारक आहे ते शहाण्या माणसाने टप्प्याटप्प्याने सोडावे. उचित म्हणजे योग्य असते तर ते अहितकारक कसे असेल आणि ते सोडण्यास तरी कशाला सांगावे? तेथे सवयीचे असाच अर्थ घ्यावा लागतो. तो अर्थ गर्भिणीच्या प्रकरणी लावला म्हणजे चरकाचे म्हणणे उलगडते : जो व्यायाम कठोर आहे आणि जो शरीराच्या सवयीचा नाही तो गर्भास घातक. दिवस गेल्यावर शेजारणीचे पाहून प्रथमच शीर्षासन करू लागणारी स्त्री चरकाच्या निषेधात येते. दहा वर्षे आसने करणारी, ती सौम्य करून चालू ठेवणारी सून त्यात येते असे आम्हांस वाटत नाही. मामंजींनी पुन्हा एकदा ती पाने काढून पाहावीत. आमची चूक दिसली तर अवश्य कळवावे.

याच अध्यायात चरकाने दिलेली एक उपमा आम्हांस फार आवडते. काठोकाठ तेलाने भरलेले भांडे हिंदकळू न देता न्यावे, तसे गर्भिणीस जपावे असे तो म्हणतो. तेलाचे भांडे नेणारा मनुष्य चालणे सोडीत नाही. तो हळू, समतोल चालतो.

आता कोणी म्हणेल, हे झाले वैद्यकाचे ग्रंथ; योगाचे ग्रंथ काय म्हणतात? योगसूत्रांत आसन स्थिर आणि सुखकर असावे एवढे सांगितले आहे. हठयोगाचे ग्रंथ पुरुष साधकांसाठी, त्यातही बहुधा विरक्तांसाठी लिहिलेले. गर्भिणी त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हतीच. सूर्यनमस्कारांचे नाव आपल्या जिल्ह्यात समर्थांशी जोडले जाते. घनसावंगी तालुक्यातील जांब येथे १६०८ साली त्यांचा जन्म झाला आणि ते रोज बाराशे नमस्कार घालीत असे परंपरा सांगते. तेथेही उपासक ब्रह्मचारी पुरुषच. स्त्रियांसाठी, आणि त्यांतूनही गर्भवतींसाठी, म्हणून जो योग आज शिकविला जातो तो शंभर वर्षांतील आहे, आणि त्याचे पुष्कळसे श्रेय महाराष्ट्राकडे येते. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार शाळांतून आणि घरांतून नेले, आणि त्यांच्या राजवाड्यात राणीसाहेब व मुलेही नमस्कार घालीत. लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापून योगक्रिया प्रयोगशाळेत तपासण्यास आरंभ केला. मुंबईस श्रीयोगेंद्रांनी १९१८ साली योग संस्था काढली होती. त्यांच्या पत्नी सीतादेवी यांनी १९३४ साली खास स्त्रियांच्या योगशिक्षणावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. एका स्त्रीने स्त्रियांसाठी लिहिलेल्या अशा पुस्तकांत ते अगदी आरंभीचे होय. पुढे पुण्यास गीताताई अय्यंगार यांनी हा विषय आपलासा केला. लोड, पाट, बाक, पट्टे, भिंत यांचा आधार देऊन गर्भवतीकडून आसने करवून घ्यावयाची, म्हणजे शरीरास आसनाचा लाभ मिळावा आणि आयास मात्र होऊ नये, ही त्यांच्या घराण्याची रीत. २०१८ साली त्या वारल्या. त्यांच्या शिष्यशाखा देशोदेशी आहेत.

म्हणजे परंपरेचा पुरावा येथे थोडा आहे, आणि अनुभवाचा व प्रयोगाचा अधिक पाहावा लागतो. बंगलोर येथे झालेला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात ३३५ गर्भवती होत्या. १६९ जणींनी साधारण अठराव्या ते विसाव्या आठवड्यापासून रोज एक तास योगाभ्यास केला, त्यात आसने, प्राणायाम आणि ध्यान हे सर्व आले. उरलेल्या १६६ जणी सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास चालल्या. योग करणाऱ्या स्त्रियांत अडीच किलो किंवा अधिक वजनाची बाळे प्रमाणाने अधिक निघाली आणि अकाली प्रसूती कमी झाल्या. हे वाचून कोणी हुरळून जाऊ नये, कारण कोणी काय करावे हे चिठ्ठ्या टाकून ठरविलेले नव्हते, आणि अशा ठिकाणी मुळात अधिक काळजी घेणाऱ्या स्त्रियाच योगाकडे वळल्या असण्याचा संभव राहतो. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात पस्तिसाव्या आठवड्याच्या पुढील २५ निरोगी गर्भवतींकडून २६ आसने करवून घेतली आणि त्या वेळी आईची नाडी, रक्तदाब आणि पोटातील बाळाच्या हृदयाचे ठोके मोजले. कोठेही बिघाड आढळला नाही. त्या निरोगी होत्या आणि जाणत्यांच्या देखरेखीखाली होत्या हे मात्र विसरू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली असे मत दिले आहे की ज्या गर्भवतीस वैद्यकीय अडचण नाही तिने आठवड्यास दीडशे मिनिटे तरी मध्यम प्रतीची शारीरिक हालचाल करावी. पूर्वीपासून सवय असेल तिने ती चालू ठेवावी, नसेल तिने थोड्यापासून आरंभ करावा, हेही डॉक्टर सांगतात. चरकाचा 'उचित' शब्द येथे पुन्हा भेटतो.

आता त्या गर्भपाताविषयी. पत्र लिहिणाऱ्या भगिनींनी हा मजकूर शेवटी लिहिला. आमच्या मते तो आरंभी लिहावयास हवा होता, कारण घरातील भय तेथून आलेले आहे. पहिल्या तीन महिन्यांत होणाऱ्या गर्भपातांपैकी साधारण निम्मे गर्भाच्या गुणसूत्रांतील दोषामुळे होतात. गुणसूत्रे म्हणजे बीजातील ते धागे, ज्यांवर पुढील देहाची सारी रचना लिहिलेली असते. बीज आणि क्षेत्र एकत्र येतानाच जुळणीत काही चुकते, आणि असा गर्भ टिकत नाही. आईने वाकून फडताळातले भांडे काढले, प्रवास केला, नवऱ्याशी भांडली, आसने केली, यांपैकी कशानेही ते दोष उत्पन्न होत नाहीत, आणि पलंगावर निजून राहिल्याने ते टळतही नाहीत. निरोगी स्त्रीने नेहमीच्या सवयीचा सौम्य व्यायाम केल्याने गर्भपात वाढतात असा पुरावा नाही. असे असता, जिच्या पोटचा गर्भ गेला तिलाच 'तुझ्यामुळे गेला' असे ऐकविणे ही आमच्या घरांतील फार जुनी क्रूरता आहे. बोलणारा विसरून जातो. ऐकणारी दुसऱ्या खेपेस दार लावून घेते.

हे दार आम्हांस योगाभ्यासाहून अधिक चिंतेचे वाटते. बंद दाराआड एकटीने आसने करणाऱ्या गर्भवतीस चक्कर आली, तोल गेला, तर घरात कोणास कळणार नाही. सासूबाईंनी एक दिवस आत जाऊन तिच्याजवळ बसावे आणि गेल्या वर्षी झाले त्यात तुझा दोष नव्हता असे स्पष्ट सांगावे. हे त्यांनीच सांगितले पाहिजे. ते डॉक्टरांनी सांगून भागत नाही आणि आमच्यासारख्याने छापून तर मुळीच नाही.

यावर, घरकाम काय थोडे असते, त्यातच व्यायाम होतो, असे एक उत्तर ठरलेले आहे. आमच्या आजीच्या काळी जाते होते, आड होता, सारवण होते. परंतु त्या कामांत विसावा नव्हता आणि श्वासाकडे लक्ष नव्हते. ते सारे सुश्रुताच्या अर्थाने आयासच होते. त्या पिढीतील किती बाया बाळंतपणात गेल्या हे प्रत्येक घराच्या वंशावळीत एकाच पुरुषाच्या दोन-दोन पत्नींच्या नावांवरून कळते. आजही आपल्या जिल्ह्यात कार्तिक-मार्गशीर्षात कापसाच्या वेचणीला जाणाऱ्या गर्भार बाया दिवसभर कमरेत वाकून असतात. त्यांना आसने शिकविणे ही थट्टा होईल. त्यांना विसावा पाहिजे आणि पोटभर अन्न पाहिजे. आपल्या घरी भांडी घासावयास येणारी बाई गरोदर असेल तर तिच्याही बाबतीत वरील तेलाच्या भांड्याची आठवण ठेवावी.

आता प्रत्यक्ष अभ्यासाचे. पहिली गोष्ट डॉक्टरांची परवानगी. वार खाली असणे, रक्तस्राव, गर्भाशयाचे मुख दुर्बल असणे, वाढलेला रक्तदाब, अकाली कळांची भीती, हृदयाचा विकार, यांपैकी काही असेल तर डॉक्टर सांगतील तेवढेच करावे, आणि ते काहीच करू नका म्हणाले तर मुकाट्याने ऐकावे. पंडुरोगाकडे तर विशेष लक्ष पाहिजे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय पाहणीत देशातील निम्म्याहून अधिक गर्भवतींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले, आणि सुखवस्तू घरे याला अपवाद असतात असे मुळीच नाही. ते अकराच्या खाली गेले की पंडुरोग आणि सातच्या खाली गेले की तीव्र पंडुरोग समजतात. रक्त इतके कमी असता सूनबाईंची आसने थांबवावी आणि आधी लोह भरून काढावे. लोहाच्या गोळीवर लगोलग चहा घेऊ नये, त्याने लोह अंगी लागत नाही. लिंबू किंवा आपल्याकडची मोसंबी बरी.

पोटावर निजून करावयाची आसने, म्हणजे भुजंगासन, शलभासन, धनुरासन, आता बंद. सूर्यनमस्कारही पूर्वीच्या रूपात बंद, कारण त्यात साष्टांग येते. पोट पिळले जाईल असे अर्धमत्स्येंद्रासन, पोट दाबले जाईल असे पश्चिमोत्तानासन नको. कपालभाती, भस्त्रिका, उड्डियान, नौली आणि श्वास कोंडून धरणे हे सर्व वर्ज्य समजावे. शीर्षासनाविषयी योगशिक्षकांत मतभेद आहेत. घरी, एकटीने, ते करू नये असे आमचे मत आहे. मग उरते काय? उरते ते पुष्कळ आहे. भिंतीपाशी ताडासन, मांड्या मोकळ्या करणारे बद्धकोनासन, हातागुडघ्यांवर राहून पाठीस हलका बाक देणारे मार्जारासन, लोडास टेकून सुखासन, श्वास न कोंडता अनुलोम-विलोम, भ्रामरी, ओंकार. गरोदरपणी शरीरात एक द्रव्य वाढून सांधे सैल होतात, त्यामुळे आपण फार लवचीक झालो असे वाटते. त्या मोहास बळी पडून अंग ताणू नये. पाचव्या महिन्यानंतर शवासन उताणे पडून फार वेळ करू नये. गर्भाशयाच्या भाराने पाठीलगतची मोठी शीर दबते व घेरी येते. डाव्या कुशीवर, गुडघ्यांत उशी घेऊन पडावे. उकिडवे बसण्यास सुश्रुताचा निषेध आहे, आणि आजचे शिक्षक शेवटच्या महिन्यांत आधाराने तेच करवितात. जिला जन्मभर तसे बसण्याची सवय आहे तिला थोडा वेळ, पाठीस भिंत देऊन, डॉक्टरांच्या संमतीने बसण्यास आमची हरकत नाही.

आणखी एक क्रिया, जिच्याविषयी बायका बोलत नाहीत. लघवी रोखताना जे स्नायू आकसतात ते दिवसातून काही वेळा आकसून सोडावे, श्वास चालू ठेवून, आणि प्रत्यक्ष वेग आला असता नव्हे. गरोदरपणात हा अभ्यास केल्याने बाळंतपणानंतर खोकताना-हसताना लघवी निसटण्याचा त्रास कमी होतो हे चांगले सिद्ध झालेले आहे. पुष्कळ सासूबाई हा त्रास वर्षानुवर्षे लपवून ठेवतात. त्यांनीही सुनेबरोबर हा अभ्यास करावा. त्यास वयाची अट नाही.

वैशाखात जालन्याचा पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. त्या दिवसांत गच्चीवरच्या खोलीत किंवा पत्र्याखाली अभ्यास करू नये. गर्भवतीचे अंग फार तापणे बरे नव्हे. पहाटेची सूनबाईंची वेळ उत्तम आहे. तेवढा पाऊण तास घरातील चहा दुसऱ्या कोणी करावा, आणि तो करणारा पुरुष असला तरी चहा बिघडत नाही. शिकावयाचे ते शक्यतो समोर बसलेल्या जाणत्या शिक्षिकेकडून शिकावे. मोबाइलवरील शिक्षिकेस आपला अवघडलेला पाय दिसत नाही. आणि या अभ्यासाने मुलगाच होतो, किंवा मूल गर्भातच स्तोत्रे शिकून बाहेर येते, असे सांगून पैसे घेणाऱ्या वर्गांपासून दूर राहावे.

अभ्यास करताना रक्त दिसणे, पाणी जाणे, पोटात कळा, छातीत दुखणे, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी, एकाच पोटरीस सूज व वेदना, बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच क्षणी थांबून दवाखाना गाठावा. सकाळ होऊ द्या, पाहुणे जाऊ द्या, असे म्हणू नये. दर महिन्याच्या नऊ तारखेस सरकारी रुग्णालयांतून गर्भवतींची विनामूल्य तपासणी होते. ही व्यवस्था २०१६ पासून आहे. अंबडच्या या भगिनींनी येत्या नऊ तारखेस सुनेबरोबर स्वतः जावे, ती करीत असलेली आसने एका कागदावर लिहून न्यावीत, आणि कोणती ठेवावी व कोणती सोडावी हे तेथील डॉक्टरांना दोघींनी मिळून विचारावे. मामंजींना चालवत असेल तर त्यांनाही न्यावे.

बाळंतिणीने आसनांस पुन्हा केव्हा आरंभ करावा, आणि शस्त्रक्रियेने प्रसूती झाली असता किती थांबावे, हे पुढील अंकी लिहू.